हात आवरून बसलेल्या बाई

अकोल्याहून माहेरी निघाले होते. एसटीत माझ्या शेजारी पिकल्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. बसमधलं प्रत्येक मूल त्या निरखून बघायच्या, पण कुणाचा गाल ओढायच्या नाहीत. हात मांडीवरच असायचे.

माझा थोरला मुलगा पाटाच्या पाण्यात बुडून गेला, तेव्हापासून धाकटीचं मनगट मी सोडत नसे. त्या दिवशीही ती कुरकुरली, "आई, सोड की, दुखतंय."

तिच्या मनगटावरचे वळ बघून बाई आपणहून बोलल्या. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांत राहून, त्यांची मुलं कशी शिकतात याचा त्या अभ्यास करायच्या. तिथं लहान पोरंही सुरीनं कंद सोलतात. कुणी शिकवत नाही, सुरी काढूनही घेत नाही. मोठ्यांचं बघून पोरं शिकतात.

"आन् कुनाचं ध्यान नसतं व्हय?" मी विचारलं.

"ध्यान सगळ्यांचं असतं. हात तेवढा आवरतात."

"एखादं दगावलं तर?"

"दगावतं. सगळी वस्ती रडते. पण उरलेल्यांना बांधून ठेवत नाहीत."

मला रागच आला. त्यांचं नावही न विचारता मी उतरले.

फाट्यावर पोरीनं पुन्हा हात ओढला, आणि कसं कोण जाणे, मी तो सोडला. ती बांधावरून पुढं निघाली. मी मागंच राहिले. इतके दिवस ती माझ्या अंगाला लागूनच चालायची, त्यामुळं तिला पाठमोरी कधी पाहिलीच नव्हती.

तिची चाल थेट तिच्या दादाची होती.