एकोणिसाव्या मजल्यावरची चकती

मेलबर्नच्या कॉलिन्स स्ट्रीटवर आमच्या कंपनीचं मुख्यालय होतं. सव्वीस मजले, नुसती काच, आणि उघडणारी खिडकी एकही नाही. ज्यानं ते बांधलं त्याला बक्षीस मिळालं. जानेवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, उत्तरेचा गरम वारा सुटला की एकोणिसाव्या मजल्यावर आम्ही टायपिस्ट बाया उकडून निघायचो. त्या शहाण्याला मात्र कुणी तिथे आणून बसवलं नाही.

आमचा आधार डेस टूमी. तळघरातली थंड हवेची यंत्रं तो सांभाळायचा. अठ्ठावन्न वर्षांचा, खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर. तक्रार गेली की वर यायचा आणि भिंतीवरच्या, गारवा कमी-जास्त करायच्या चकतीकडे बोट दाखवायचा.

"नोलीन, फिरव ती जरा. दहा मिनिटं दे तिला."

मी फिरवायचे. खरंच बरं वाटायचं. अकरा वर्षं ती चकती माझी होती. दुसरीनं हात लावला तर मी दिवसभर तिच्याशी बोलायचे नाही.

त्र्याऐंशी साली मुख्यालय सिडनीला न्यायची कुणकुण लागली. संचालकांनी कळवलं, अजून काही ठरलेलं नाही, कर्मचाऱ्यांचं ऐकू आणि मगच ठरवू. आमच्या वतीनं बोलायला आम्ही डेसला निवडून दिलं.

त्यानं ते फारच मनावर घेतलं. मुख्यालय गेलं की यंत्रं बंद, यंत्रं बंद की तो घरी. या वयात त्याला कोण ठेवून घेणार होतं? तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत तो सांगायचा, मी टाइप करायचे. त्याच्या खिमा भरलेल्या मीट पायचा सॉस कागदावर सांडायचा, की पान पुन्हा. पाच मजले भाड्यानं द्या, यंत्रांचा खर्च असा कमी करा, आम्हाला इथंच ठेवा. चौदा पानं झाली.

गुरुवारी संचालकांपुढे जायचं म्हणून तो टाय लावून आला.

"लग्नातला की मयताचा?" मी विचारलं.

"एकच आहे. दोन्हीकडे चालतो."

सव्विसाव्या मजल्यावरून उतरला तो फुलून. "चाळीस मिनिटं ऐकलं, नोलीन. अध्यक्ष स्वतः लिहून घेत होते. चहासुद्धा दिला, बिस्किटांसकट."

शुक्रवारी तळघरात कागद आला. एक मार्चपासून यंत्रं बंद करावीत, पाणी काढून टाकावं. खाली अध्यक्षांची सही आणि सोमवारची तारीख. तो कागद घेऊन डेस माझ्या टेबलाशी उभा राहिला.

माझं डोकंच फिरलं. "सोमवारीच ठरलं होतं? मग काल ऐकलं कशाला मेल्यांनी?"

खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून त्यानं चकतीचे दोन स्क्रू सोडवले आणि ती माझ्या हातावर ठेवली. मागे कोरी भिंत होती. तार नाही, साधं भोकही नाही.

"मीच बसवली होती," तो म्हणाला. "वरून सांगितलं होतं. असली चकती लावली की तक्रारी कमी होतात."

"झाल्या?"

"निम्म्या."

मी त्याला चार शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"चाळीस मिनिटं, नोलीन," तो म्हणाला. "मला खरंच बरं वाटलं होतं."