निघण्याआधीचे बसणे

लिहिण्याचा अधिकार नसताना लिहीत आहे, क्षमा असावी.

रशियातून परागंदा झालेल्यांना परदेशी आसरा मिळवून देणाऱ्या एका संस्थेत माझी लेक जॉर्जियात, तिबिलिसीला काम करते. मी तिच्याकडे गेले होते, त्या दिवशी व्हेरा नावाच्या वृद्ध शिक्षिका तिथून जर्मनीला निघाल्या होत्या. टॅक्सी दाराशी उभी असताना त्या आपल्या बॅगेवर स्वस्थ बसल्या; पाठोपाठ सगळेच बसले.

"अगं, उशीर होतोय ना?" मी कुजबुजले.

"आई, तूही बस. निघताना असं बसलं की माणूस सुखरूप परततो म्हणतात."

रशियात परतल्यास तुरुंग, हे व्हेराबाईंना ठाऊक होते. परतीची आशा सोडूनही परतीची रीत पाळणारे ते मन केवढे असेल! मीही बसले.

त्या उठल्या, तेव्हा सवयीने माझ्या तोंडून निघाले, "या हं पुन्हा."

तुम्ही काय म्हणाला असता?