झाकून ठेवलेले पाच शब्द

कॅल्डरविकमध्ये डॅरेन ऑलर्टनला डॅरेन म्हणणारी माणसं दोनच, आई आणि बायको. बाकी सगळ्या गावाचा तो ऑली. सोळा हंगाम तो आमच्या कॅल्डरविक टाउनच्या बचावफळीत मधोमध उभा राहिला. चौथ्या श्रेणीतला क्लब, नोव्हेंबरपासून चिखलाचं मैदान, आणि समोरच्यांचा गोलरक्षक चेंडू असा उडवायचा की तो ढगातून खाली येईपर्यंत चहाचा घोट घेता यावा. त्या चेंडूला पहिलं डोकं लावायचं, एवढंच ऑलीचं काम. त्याच्या पायात कला नव्हती, आणि हे तो स्वतःच हसत सांगायचा. चेंडू पायाशी आला की प्रेक्षकांतले म्हातारे ओरडायचे, "दे कुणाला तरी, पोरा, तुझं तुला झेपायचं नाही." तोच चेंडू हवेत असला की मात्र तेच म्हातारे निर्धास्त होऊन हातातल्या गरम पॅटिसकडे वळायचे.

सोळाव्या वर्षी त्याला शहरातल्या मोठ्या क्लबनं उचललं होतं. अठराव्या वर्षी परत पाठवलं. मोठ्या क्लबांची ही रीतच आहे. दहा पोरं उचलायची, एक ठेवायचं, नवांना हात मिळवून शुभेच्छा द्यायच्या आणि त्यांनी त्या शुभेच्छा आयुष्यभर चघळत बसायच्या. ऑली बॅग घेऊन बसनं घरी आला. महिनाभर कुणाशी बोलला नाही. मग कॅल्डरविक टाउनच्या कप्तानानं, रॉय पिकर्सगिलनं, स्वतः दार ठोठावून त्याला सरावाला नेलं. त्या दिवसापासून रॉय त्याचा गुरू.

रॉयनं त्याला सगळं शिकवलं. चेंडू येताना डोळे मिटायचे नाहीत, जीभ दातांत आणायची नाही, चेंडू कपाळाच्या वरच्या हाडावर घ्यायचा. आणि ऑली एकवीसचा असताना, डोक्याची परीक्षा सुरू झाली तेव्हा, ती कशी द्यायची हेही रॉयनंच शिकवलं.

परीक्षा दर जुलैला, हंगामाआधी. क्लबची फिजिओ ग्लेनिस दहा शब्द वाचते, मग एका पायावर उभं करते, वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावते आणि शेवटी ते दहा शब्द विचारते. आकडा कागदावर जातो. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. आकडा जुलैपेक्षा खाली आला की दोन आठवडे बाहेर. दोन आठवड्यांत तुमच्या जागी दुसरा उभा राहतो, तो दोन सामने बरे खेळतो, आणि तुम्ही बाकावर. मे महिन्यात गॅफर, म्हणजे आमचा प्रशिक्षक, एकेकाला खोलीत बोलावून कुणाला ठेवायचं ते सांगतो. बाकावरच्यांना तिथं फार वेळ लागत नाही.

रॉयचा सल्ला सरळ होता. "जुलैत पाचच शब्द सांगायचे. तीन सांगितलेस तर डॉक्टरकडे धाडतील, आठ सांगितलेस तर स्वतःच्या पायावर धोंडा. पाच. मग डोकं फुटलं तरी पाच तर येतातच."

ही युक्ती खेळाडूंच्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळ्यांना ती शहाणपणाची वाटायची. ऑलीनं तेरा वर्षं ती पाळली. दहाच्या दहा शब्द जिभेवर असायचे, त्यातले पाच तो जपून खाली ठेवायचा, आणि गाडीत बसला की ते पाच मोठ्यानं म्हणून स्वतःशीच हसायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाक तीनदा मोडलं, भुवईवर टाके पडले, रोचफील्डच्या सामन्यात तर शुद्धीवर येताना त्यानं स्कोअर विचारला आणि चुकीच्या संघाचा विचारला. तरी पुढच्या शनिवारी तो मैदानात होता. पाच शब्द आले ना.

रॉय खेळणं सोडून पोस्टमन झाला. ब्रुक टेरेसची पत्रं त्याच्याकडे. चारेक वर्षांपूर्वी, पंचेचाळिशीतच, तो पत्रं चुकवायला लागला. बारा नंबरच्या घराची पत्रं चौदाला, सोळाची चारला. ब्रुक टेरेसच्या लोकांनी तक्रार केली नाही. रॉय कोपऱ्यावरून वळला की सगळे दारात यायचे आणि कुंपणावरून आपापली पत्रं बदलून घ्यायचे. कुणी त्याला एका शब्दानं बोललं नाही. दोन वर्षं गल्लीनं हे असं निभावलं. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. एका सकाळी तो पत्रांची पिशवी घेऊन मैदानावर आला आणि खेळाडूंच्या खोलीत बूट शोधत बसला. त्याला घरी सोडायला ऑलीच गेला. वाटेत रॉय म्हणाला, "शनिवारी तू डावीकडचा घे, मी उजवीकडचा." ऑली बरं म्हणाला. घरी येऊन मोरीत तोंड धुताना तो रडला, आणि बायकोला, लिंझीला म्हणाला की डोळ्यांत साबण गेला.

तेव्हापासून भीती आत बसली होती. या मे महिन्यात ती बाहेर आली. लिंझीनं त्याला पाव आणायला पाठवलं. तो पाव घेऊन परतला, गाडी लावली, कुलपात किल्ली घातली. किल्ली फिरेना. दार उघडलं ते एका अनोळखी बाईनं. पाच वर्षांपूर्वी सोडलेलं ते घर होतं. बाईनं त्याला ओळखलं, "अगंबाई, आपला ऑली," म्हणाली आणि पोरांसाठी त्याची सही घेतली. त्यानं सही केली, विनोद केला, आणि गाडीत येऊन बराच वेळ चाक धरून बसला.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. पण एक हिशोब मनात धरला. गेली तेरा वर्षं आपण पाच शब्द झाकून ठेवलेत. ते आहेत की नाहीत, हे आपल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. या जुलैत मूठ उघडायची. आठ आले, सात आले तरी पुष्कळ. मग ते बंद दार म्हणजे नुसता थकवा.

परीक्षेच्या सकाळी तो दोनदा दाढी करायला बसला, एवढा धास्तावला होता. ग्लेनिसच्या खोलीत मलमाचा वास, भिंतीवर सांगाड्याचं चित्र. ग्लेनिस पन्नाशी उलटलेली, वीस वर्षं या क्लबात, खेळाडू असो की माळी, सगळ्यांना 'राजा' म्हणणारी. तिनं चष्मा लावून वाचलं, "किटली, शिडी, लिंबू, घोंगडी, कात्री, पूल, बदक, मेणबत्ती, बटण, पाव." ऑलीनं प्रत्येक शब्दाला मनात जागा करून दिली. किटली ओट्यावर, शिडी भिंतीला, लिंबू किटलीजवळ. मग एका पायावर उभा राहिला. महिने उलटे म्हटले, ऑगस्टपाशी अडखळला, पण म्हटले.

"आता शब्द सांग, राजा."

"किटली," ऑली म्हणाला. "शिडी. बदक. पूल."

तो थांबला. ग्लेनिसनं पेन तसंच धरलं होतं. बाहेर कुणीतरी चेंडू पत्र्यावर मारत होतं.

"कात्री," तो म्हणाला.

आणि पुढे काही नव्हतं. तिचं तोंड हलताना त्याला आठवत होतं, चष्म्याची दोरी आठवत होती, पण तोंडातून काय आलं ते नाही. ओट्यावर किटलीजवळ काहीतरी ठेवलं होतं, ती जागा दिसत होती आणि रिकामी होती. त्यानं डोळे मिटले, कपाळ दाबलं, मनाशी आईची शपथ घेतली. जन्मात कुठल्या चेंडूसाठी तो असा झटला नव्हता.

"पाच," ग्लेनिसनं लिहिलं आणि हसली. "दरवर्षी पाच. तुझ्याइतकं नीटनेटकं खोटं या क्लबात दुसरं कुणी बोलत नाही बघ."

"तुला माहीत होतं?"

"इथं डोळे मिटून बसलेय का मी? खोलीत येऊन पाचावर अडता, आणि बसमध्ये पत्ते कुटताना कुणी कुठलं पान टाकलं ते बरोबर ध्यानात असतं तुमच्या."



"ग्लेनिस, या वेळी मी खोटं नाही बोललो."

तिचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, जणू त्याला कुणी निघायला सांगितलंच नव्हतं. मग तिनं चष्मा काढला.

"परत बोल."

"खरं सांगायचं ठरवून आलो होतो. जीव तोडून आठवलं. पाचच आले."

तिनं मागच्या वर्षीचा कागद काढून आजच्या शेजारी ठेवला. पाच आणि पाच. त्याच्या मागच्याही वर्षी पाच. जगातला कुठलाही डॉक्टर ते कागद बघून म्हणाला असता की हा माणूस एकविसाव्या वर्षी होता तसाच आहे, टुणटुणीत. एक तरी खरा आकडा मागे असता तर उतार कुठून लागला ते कळलं असतं. तेरा वर्षांत तसा एकही नव्हता. ते खोटं ऑलीचं होतं आणि अक्षर तिचं होतं.

"मी काय म्हणायचे माहितीये?" ग्लेनिस म्हणाली. "म्हणायचे, जोवर ही कार्टी मला फसवू शकतात तोवर यांची डोकी शाबूत आहेत."

त्यानं विचारलं की हा हंगाम तेवढा काढता येईल का, कागद तर तसाच राहणार आहे. तिनं मान हलवली. सोमवारी शहरातल्या डॉक्टरकडे ती स्वतः येणार होती, लिंझीला आजच सांगायचं होतं, आणि तोवर डोक्याला चेंडू लावायचा नाही. घरी बसून काय करू, एवढंच तो म्हणाला. तिनं सोमवारची वेळ चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात दिली.

गॅफरला सांगावं म्हणून तो मैदानात गेला. कॉर्नरचा सराव चालू होता. कॉर्नरच्या वेळी कुणी कुणाला अडवायचं त्याचा कागद आमच्याकडे खेळाडूंच्या खोलीत भिंतीला चिकटवलेला असतो. सगळे तो एकदा वाचतात आणि मैदानात उतरतात, पुन्हा विचारायची पद्धत नाही. गॅफरनं हात केला आणि ऑली सवयीनं गोलसमोर आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

"शॉन तुझा, ऑली," सरावात समोरून हल्ला करणाऱ्या शॉनकडे बोट करून शेजारून मार्लन म्हणाला.

मार्लन त्याचा बचावफळीतला जोडीदार, तीन वर्षांपासूनचा. गेल्या हंगामाच्या उत्तरार्धात प्रत्येक कॉर्नरला तो असंच सांगायचा. सहा नंबर तुझा, ऑली. नऊ नंबर तुझा. ऑलीला राग यायचा. एकदा त्यानं सगळ्यांदेखत खडसावलं होतं, "तू लंगोटात होतास तेव्हापासून कॉर्नर अडवतोय मी, मला शिकवू नकोस." मार्लन सॉरी म्हणाला होता, आणि पुढच्या कॉर्नरला पुन्हा सांगितलं होतं. डावीकडचा बॅकही मध्येच म्हणायचा. गोलरक्षकही. त्याला वाटायचं, हल्लीची पोरं बडबडी आहेत.

ऑलीला ब्रुक टेरेस आठवली. कुंपणावरून पत्रं बदलणारे हात आठवले.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

मार्लननं आधी न समजल्यासारखं केलं. मग तो बुटांकडे बघायला लागला.

"नाताळपासून," तो म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं, ऑली. गॅफरला नाही सांगितलं कुणी."

"बरं केलंत," ऑली म्हणाला.

कोपऱ्यावरून चेंडू आला. चांगला उंच, सरळ त्याच्याकडे येणारा, सोळा वर्षं ज्यासाठी तो उभा होता तसाच. शॉन उडाला. ऑली हात खाली सोडून उभा राहिला. चेंडू त्याच्या डोक्यावरून जाळ्यात गेला आणि मैदानात कुणीही त्याच्यावर ओरडलं नाही.