ओल्या गवताचं वजन

राइट टाउनमधल्या माझ्या घरासमोर माळी हिरवळ कापू लागला, की त्या कच्च्या वासाने माझं डोकं अजूनही भडकतं. लढाईच्या वर्षी छावणीतल्या खेचरांना गवत पुरवण्याचा ठेका निघाला होता आणि तो मला हवा होता, तसाच माझ्या साडूलाही. सिहोऱ्याच्या वाटेवरची नदीकाठची दलदल मी आधीच धरून ठेवली होती. तिथलं गवत माणसाच्या डोक्याइतकं उंच वाढायचं. साडूने जागा विचारली, तेव्हा मी मोठ्या मनाने त्याला मुरमाड टेकडी दाखवली, जिथे गवत गुडघ्याच्या वर जात नसे. निवडीच्या दिवशी दोघांकडून सारख्याच वजनाचा भारा मागवला होता. माझं हिरवंगार, जाड गवत बघून मी मिशीत हसलो. पण छावणीच्या जमादाराने दोन्ही भारे गोदामाच्या पत्र्यावर पसरले आणि चार दिवसांनी, कडकडीत वाळल्यावरच काट्यावर चढवले. माझा भारा साडूच्या निम्मासुद्धा भरला नाही. “पानी तो खच्चर नदी पे पी लेगा, सेठजी,” जमादार म्हणाला, “हमको घास चाहिए.” साडू जवळ आला. “काहून रागावून राहिले, साडूबुवा? जागा तर तुम्हीच दाखवली.” त्या संध्याकाळी माझ्याच घरी, माझ्याच बायकोने बहिणीच्या नवऱ्यासाठी बासुंदी केली आणि त्याला आग्रह करकरून वाढली. आता साडू राहिला नाही. तरी परवा माळ्याने ढीग दाखवून “बघा साहेब, किती निघालं” म्हटलं, तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो, “वाळू दे आधी, मग बोल.”