आधी भांडण, मग सही

नोंदणी कार्यालयाच्या जिन्याखाली जेमतेम दीड माणूस मावेल एवढी जागा आहे. तिथे एक टेबल, एक कॉम्प्युटर, मनात आलं तरच चालणारा प्रिंटर आणि या सगळ्यांवर हुकमत गाजवणाऱ्या थांबाकाकू. कुणी कागदावर पेन टेकवायला गेलं की काकू म्हणणार, "थांबा." तीस वर्षांत हा शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारलाय की त्यांचं खरं नाव आता फक्त नवऱ्याला आठवतं, आणि तोही "अगं" एवढ्यावरच भागवतो.

काकू करारनामे टाइप करतात. घरभाड्याचे, दुकानांचे, भागीदारीचे. त्या वकील नाहीत आणि तसा आवही आणत नाहीत. फारच अडलं तर माणसाला सरळ वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंकडे पिटाळतात. पण त्यांचा एक नियम आहे. सही करण्याआधी दोन्ही पक्षांनी त्यांच्यासमोर भांडायचं, आणि तेही उलटं. घरमालकाने भाडेकरू व्हायचं, भाडेकरूने घरमालक. काकू विषय देणार: छत गळतंय, दुरुस्ती कुणी करायची? मग दोघांनी कागदात जे लिहिलंय तेवढंच पुढे करून भांडायचं. जिथे कागद मुका होईल तिथे काकूंच्या लाल पेनाची फुली.

हे काही हौसेपोटी सुरू झालं नाही. अगदी सुरुवातीला त्यांनी एका शिंप्याचा करार टाइप केला होता, त्यात गळक्या नळाबद्दल अवाक्षर नव्हतं. त्या नळापायी शिंपी आणि घरमालक सात वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. दोघेही काकूंशी मात्र रोज बोलायला यायचे. काकूंनी कानाला खडा लावला तो तेव्हा.

तेव्हापासून जिन्याखाली फुकट नाटक चालू असतं. ढोल शिकवणाऱ्या एका मास्तरांचा घरमालक मास्तरांच्या बाजूने इतका तावातावाने भांडला, की स्वतःच्या दुपारच्या झोपेचा तास ढोलाला देऊन मोकळा झाला. भानावर आल्यावर त्याने तो तास परत मागून घेतला, तेव्हा वरच्या मजल्यावरचे कारकूनसुद्धा कठड्यावरून हसत होते.

त्या दिवशी मात्र टेबलासमोर काकूंची स्वतःची लेक उभी होती, आणि शेजारी तिची मैत्रीण. शाळेच्या बाकापासूनची ही जोडी. एकीला ठेच लागली की दुसरी लंगडायची. दोघी मिळून बुकबाइंडिंगचं दुकान काढत होत्या. गाळा लेकीच्या नावावर घेतला होता. मैत्रिणीकडून येणार होतं तिच्या वडिलांचं लोखंडी प्रेस, चाक फिरवून पुस्तकांचे गठ्ठे दाबून धरणारं. वडील बाइंडर होते. दोन वर्षांपूर्वी गेले. प्रेसच्या चाकावर त्यांच्या तळव्याने गुळगुळीत झालेली जागा ती अजून कुणाला पुसू देत नसे.

गाळ्याचा मालक चार वाजता किल्ली देणार होता, आणि साडेतीन वाजले होते. लेकीने भागीदारीचा करार घरूनच तयार करून आणला होता. आईच्या कॉम्प्युटरमधला एक जुना करार उघडला, नावं बदलली, झालं.

काकूंनी कागदावरून नजर फिरवली आणि नवव्या कलमापाशी त्या अडकल्या. भागीदारी मोडल्यास दुकानातील सर्व यंत्रसामग्री, गाळा ज्याच्या नावे त्याच्याकडे राहील. हे त्यांचंच वाक्य होतं. एका सरबतवाल्यासाठी लिहिलेलं, कारण तिथे गाळा आणि सगळी यंत्रं त्याचीच होती. इथे या वाक्याने बापाचं प्रेस पोरीच्या हातून जाणार होतं आणि काकूंच्या लेकीला मिळणार होतं.

आयुष्यभर परक्यांना थांबवणारी ही बाई तेव्हा स्वतःच थबकली. लेकीचं भलंच होतंय, या दोघी कधी भांडणार आहेत, राहू दे झालं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांना स्वतःचाच राग आला आणि त्यांनी कागद टेबलावर आपटला.

"थांबा. आधी भांडा."

"आई, आमचं भांडण होणारच नाही," लेक म्हणाली. "आणि चार वाजतायत."

काकूंनी ऐकलं नाही. विषय दिला: पाच वर्षं झाली, मैत्रीण म्हणते मी चालले. लेकीने मैत्रीण व्हायचं, मैत्रिणीने लेक. दोघी आधी खिदळल्या. लेकीने मैत्रिणीसारखा चष्मा नाकावर सरकवल्याचं सोंग केलं, मैत्रिणीने कमरेवर हात ठेवून हुबेहूब लेकीचा तोरा आणला.

"मी चालले," लेक म्हणाली. "माझं प्रेस तेवढं टेम्पोत चढवून द्या."

मैत्रिणीने ऐटीत कागदावर बोट फिरवलं आणि नववं कलम मोठ्याने वाचलं. वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. "म्हणजे... प्रेस इथेच राहील."

"असं कसं राहील?" लेक उसळली. "माझ्या बाबांचं आहे ते! गाळा तुझ्या नावावर म्हणून काय झालं? लाज नाही वाटत?"

सोंग कधीच गळून पडलं होतं. मैत्रिणीच्या वतीने ती स्वतःशीच भांडत होती, आणि चेहरा लालबुंद झाला होता. मग तिच्या ध्यानात आलं की हे कलम आणलंय कुणी, आणि ती मटकन खुर्चीत बसली. काकूंना लेकीचा इतका अभिमान वाटला की लाल पेन शोधताना ते हातातच आहे हे त्यांना कळलं नाही.

नववं कलम नव्याने टाइप झालं: जिने जे आणलं ते तिचं, दोघींच्या कमाईतून घेतलेलं निम्मं निम्मं. प्रिंटरला त्या दिवशी सुबुद्धी सुचली. चारला सात मिनिटं कमी होती. लेक सही करून रिक्षा थांबवायला धावली. मैत्रिणीने पेन उचललं आणि हळूच विचारलं,

"काकू, तुम्हाला ते कलम आधीच दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं. आणि घटकाभर वाटलंही, की राहू दे."

मैत्रीण त्यांच्याकडे बघून हसली. "माझ्या आईलाही वाटलं असतं," ती म्हणाली, आणि तिने सही केली.