शिडाचा कागद

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, जपानहून पाठवलेल्या जहाजाच्या दिव्याला धोतराचं शीड कसं. आजोबा घाईने म्हणाले, "वाऱ्याने फाटलं." पुढच्या वेळी ते त्यात वादळही घालतील, म्हणून खरं काय ते आत्ताच लिहून ठेवते.

पार्सल आलं आषाढात. जुन्या जपानी गलबताचा लाकडी सांगाडा, एकच चौकोनी कागदी शीड, मागे बल्ब. सोबत तुमच्या आईचा निरोप, "आता तरी या." मला यायचंच होतं. अडचण आजोबांची. जगातली बंदरं त्यांना तोंडपाठ, पण चिपळूणला मुक्काम म्हटलं तरी पोट बिघडतं. शिवाय दरवर्षी कलमांचं काहीतरी निघतं. मोहोर, फवारणी, आंबाकाढणी, मग पाऊस.

मी प्लग लावायला गेले तर म्हणाले, "अगं, आषाढात कोणी जहाज सोडतं का?"

"अहो, दिवा आहे तो."

"शीड आहे ना? मग नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायचं."

बंदरावर होड्या ओढून झाकून ठेवतात, तसा दिवा जुन्या चादरीखाली गेला.

"ठीक," मी म्हटलं. "पण तो सुटला की आपणही सुटायचं."

"बघू."

या 'बघू'ला मी लग्नापासून ओळखते.

पौर्णिमेला दिव्याला हळदकुंकू वाहिलं, नारळीभाताचा नैवेद्य दाखवला. समुद्राला नारळ अख्खा देतात. आजोबांनी मात्र तो दिव्यापुढे वाढवला, तोही अगदी जवळ. सगळं पाणी शिडावर. कागद आधी फुगला, मग मधोमध फाटला. प्लग अजून लावला नव्हता, हे नशीब.

आजोबांनी फाटका कागद उजेडाला धरून पाहिला.

"हा कागद इथे मिळायचा नाही," म्हणाले.

"मुंबईतही नाही," मी म्हटलं. "मुलीला सांगू, पोस्टाने पाठवेल."

"पोस्टात दुमडतो तो. आणि जाडी हाताला कळते, फोनवर नाही. जातीने जाऊन आणायला हवा."

मी स्वयंपाकघरात जाऊन हसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विमानाची चौकशी केली. दिवाळीनंतरची तिकिटं आली आहेत.

दिव्याचा सांगाडा आणि डोलकाठी शाबूत आहेत, बल्बही लागतो. नवा कागद येईपर्यंत आजोबांच्या जुन्या धोतराचं शीड बांधलं आहे. मूळ शिडाचा तळहाताएवढा कोरडा तुकडा वाचला. तो आजोबांनी नमुना म्हणून बॅगेत ठेवला आहे.