मला बीपी न्हाई म्हणालो आणि...

परवा तालुक्याच्या गावी, जोयड्याला, औषधाच्या दुकानात माझी चांगलीच जिरली.

भाताची मळणी चालू हाय गावात. मशीन सुरू झालं की धूळ उडती आणि माझ्या शिंका सुरू... एका दमात पंधरा. नाक असं चोंदतं की तोंडानंच श्वास. डॉक्टर त्याला अलर्जी म्हणतात. म्हणू देत.

दुसऱ्या दिवशी मशीन आमच्या खळ्यावर येणार, पेंढ्या लावायला मीच. शेजारच्या परसूनं तो घेतो ती गोळी सांगितली... शिंका बी थांबतात, नाक बी मोकळं. त्या गोळ्यांचं रिकामं पाकीट खिशात घातलं आणि जीप पकडली.

दुकानात एक तरणी पोरगी. पाकीट बघून तिनं गोळ्या काढल्या, पण हातात देईना.

"अज्जा, बीपी हाय काय?"

"न्हाई."

"शुगर?"

"न्हाई गं. दे की लवकर, जीप निघाली बघ."

"रोजची कुठली गोळी घेता?"

"एकच. सकाळची."

"कशाची?"

"बीपीची."

मागं उभी माणसं हसाय लागली. मला कळंना, हसाय काय झालं. दर महिन्याला नर्सबाई दंडाला पट्टा बांधून बघती आणि नॉर्मल म्हणती. नॉर्मल म्हणजे न्हाईच की!

"अज्जा, गोळी घेता म्हणून नॉर्मल हाय," पोरगी म्हणाली. "ह्यात दोन औषधं हायत. एक शिंका थांबवतं. दुसरं नाक मोकळं करतं, पण त्यानं बीपी चढतं. तुम्हाला न्हाई देणार."

"परसूला चालती की!"

"त्याला बीपी हाय काय?"

न्हाई. बैलासारखा हाय तो.

तोवर जीप गेली. मी खेकसलो, पण तिनं शांतपणे डॉक्टरला फोन लावला आणि नुसती शिंकांची गोळी दिली. रात्री जेवल्यावर एकच. सकाळी गुंगी वाटली तर मशीनजवळ जायचं न्हाई, नाकाला टॉवेल बांधायचा.

मळणी झाली. शिंका आल्या, पण दोन-चारच. नाक अजून चोंदलेलं हाय, असू दे.

इतकी वर्षं मला काय रोग न्हाई म्हणून मिरवत होतो. आता कुठल्या बी दुकानात आधी रोजची गोळी सांगणार. त्या पोरीचं नाव बी विचारलं न्हाई मी... पोरी, माझं ऐकलं न्हाईस, लई उपकार झाले.